'नो शुगर' केक आणि आईची शुगर २६८

पत्र:

ताई, आईला बारा वर्षं शुगर आहे. गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. दर वाढदिवसाला आम्ही केक आणतो आणि ती बोटभर क्रीम चाखून "मला पुरे" म्हणत बाजूला होते. ते बघवत नाही म्हणून मी स्वतःच बेकिंग शिकायला घेतलं. पहिला केक कणीक, खजूर आणि मधाचा केला, साखरेचा कणही नव्हता, तिने खुश होऊन दोन तुकडे खाल्ले आणि दोन तासांनी शुगर २६८! दुसऱ्या वेळी साखरेऐवजी स्वीटनरची पावडर घातली तर केक फुगलाच नाही आणि वर कडवट लागला. आता बाबा म्हणतात नाद सोड, फळं कापून दे. बहीण म्हणते एक दिवस साधा केक खाल्ला तर काय आभाळ कोसळतंय. वाढदिवसाला तीन आठवडे आहेत. करू का नको? आणि करायचा तर कसा?
– बसक्या केकचा बेकर

अरे बेकरा,

कर, नक्की कर. पण आधी त्या २६८चं बघू, कारण तो आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय तिसरा केकही तसाच होणार.

तू साखरेचा कणही नव्हता म्हणतोस, पण साखर होती रे, भरपूर होती, फक्त ती साखरेच्या डब्यातून आली नव्हती एवढंच. मधात १०० ग्रॅमला साधारण ८० ग्रॅम साखरच असते, उरलेलं बहुतेक पाणी. खजुरात ६५-७० ग्रॅम. गूळ, ब्राउन शुगर, नारळाची साखर ही सगळी एकाच घरातली भावंडं, कुणाचा रंग वेगळा कुणाचा वास वेगळा. नैसर्गिक आहे म्हटलं की आपल्या मनाला बरं वाटतं, रक्ताला त्याचं काही सोयरसुतक नसतं. हो, खजुरात फायबर आहे, जीआय (शुगर किती वेगाने वाढते त्याचा आकडा) साखरेपेक्षा कमी येतो, सगळं खरं, पण दोन वाट्या खजूर वाटून घातल्यावर ते फायबर कुठे कुठे पुरं पडणार.

आणि दुसरा आरोपी जो कुणाच्या लक्षातच येत नाही तो म्हणजे पीठ. मैद्यात १०० ग्रॅमला ७५ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स (कर्बोदकं, ज्यांची पोटात गेल्यावर बहुतेक साखरच होते), कणकेत ७०च्या आसपास. बघ, फरक किती तो. कणीक चांगलीच, फायबर जास्त, पोट भरतं, पण मैद्याच्या जागी कणीक घातली म्हणून केक डायबेटिसवाल्यांना चालतो असं समजणं म्हणजे भोळेपणा आहे.

आता कागद घे आणि माझ्याबरोबर हिशोब कर. साधा केक: २०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर. मैद्यातले १५० आणि साखरेचे २०० मिळून ३५० ग्रॅम कार्ब्स, दहा तुकडे केले तर एका तुकड्यात ३५. तुझा केक: प्रमाणं तू लिहिली नाहीस, मी २०० ग्रॅम कणीक, २०० ग्रॅम खजूर आणि ५० ग्रॅम मध धरते. १४० अधिक १३५ अधिक ४०, म्हणजे ३१५. एका तुकड्यात ३१-३२. म्हणजे एवढा खटाटोप करून साध्या केकपेक्षा तीन-चार ग्रॅम वाचले आणि वर 'नो शुगर' नाव ऐकून आईने निर्धास्तपणे एकाऐवजी दोन खाल्ले, ६३ ग्रॅम झाले. साधा केक असता तर बिचारी अर्धा तुकडा खाऊन थांबली असती. मला विचारशील तर गडबड खजुराने नाही, त्या नावाने केली.

तर इथून पुढे केकला साखर आहे की नाही हा प्रश्नच विचारायचा नाही, एका तुकड्यात कार्ब्स किती हे विचारायचं. किचनचा वजनकाटा आणि पाकिटामागचं लेबल एवढ्यावर भागतं. तुझ्या दुसऱ्या केकचंही तेच बघ, साखर पूर्ण काढलीस तरी मैद्याचे १५० ग्रॅम तिथेच बसलेत, तुकड्याला १५. वाईट नाही, निम्म्याहून कमी झाले, पण शून्य नाही झाले.

आता तो दुसरा केक का बसला? त्यासाठी साखर केकमध्ये काय काय करते ते कळायला हवं, कारण आपल्याला वाटतं ती फक्त गोड करते, आणि खरं तर गोड करणं हे तिचं सगळ्यात सोपं काम आहे. बटर आणि साखर आपण फेटत बसतो ना पांढरट होईपर्यंत, तेव्हा साखरेचे ते टोकदार दाणे बटरमध्ये घुसून हवेचे बारीक बारीक बुडबुडे तयार करतात. बेकिंग पावडर नवीन बुडबुडे करत नाही रे, आधी जे आहेत तेच फुगवते. तू साखर काढलीस, चमचाभर पावडर घातलीस, फेटायला काही उरलंच नाही, हवा गेलीच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! शिवाय साखर पाणी धरून ठेवते म्हणून केक ओलसर राहतो, अंडं आणि पीठ घट्ट व्हायला थोडा उशीर लावते म्हणून केकला वर यायला वेळ मिळतो, आणि वरचा तो तांबूस रंगही बराचसा तिचाच. आणि नुसतं वजन बघ ना, २०० ग्रॅमचा ऐवज भांड्यातून गायब झाला आणि त्याच्या जागी आलं काय, तर दहा ग्रॅम पावडर.

कडवटपणा बहुतेक स्टीवियाचा. स्टीविया साखरेच्या २०० ते ३०० पट गोड, सुक्रालोज ६०० पट, म्हणजे ह्या गोष्टी चिमटीने घालायच्या, चमच्याने घातल्या की जिभेच्या मागच्या बाजूला ती औषधी चव येऊन बसते आणि हलत नाही. अजून एक, पावडरच्या पाकिटांमध्ये नुसती भर म्हणून बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असतं आणि ते रक्तात साखरेसारखंच वागतं. एका चहापुरतं पाकीट असेल तर सोडून दे, पण केकमध्ये वाटीभर ओतणार असशील तर मागचं लेबल वाचच.

हसू नकोस, मीही ह्यातून गेलेय. आमच्या ह्यांना शुगर निघाली तेव्हा पहिल्याच महिन्यात मी मोठ्या हौसेने ॲस्पार्टेम घालून केक केला, ते उष्णतेने मोडतं आणि गोडी जाते हे कुणाला माहीत होतं! ह्यांनी पहिला घास घेतला, शांतपणे चावला आणि म्हणाले, "ऑम्लेट छान झालंय, मीठ तेवढं कमी आहे." दुसऱ्या वेळी बिनसाखरेचं चॉकलेट आणलं आणि अख्खी स्लॅब वितळवून केकमध्ये घातली. चव फर्स्ट क्लास. रात्री अकरानंतर मात्र घरात बाथरूमसाठी नंबर लागले, पाहुण्यांसकट. त्या चॉकलेटमध्ये माल्टिटॉल नावाचं स्वीटनर होतं, ते जास्त पोटात गेलं की पोट धरत नाही, लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. आणि माल्टिटॉलने शुगर अजिबात वाढत नाही असंही नाही, साखरेपेक्षा कमी पण वाढते.

मग वापरायचं काय? मी सध्या एरिथ्रिटॉल नावाचं स्वीटनर वापरते. साखरेच्या साधारण ७० टक्के गोड, ग्रॅमला ०.२ कॅलरी (साखरेला ४ असतात), शुगर जवळजवळ हलत नाही आणि मुख्य म्हणजे ते साखरेसारखं वजनाने घालता येतं, त्यामुळे केकला अंग राहतं. खोड्या आहेत त्याच्या, आधीच सांगते. दाणेदार असतं ते मिक्सरमधून पिठीसाखरेसारखं करून घ्यायचंच, नाहीतर केक थंड झाला की ते परत दाणे धरतं आणि दाताखाली वाळू लागल्यासारखं होतं. जिभेवर हलका पेपरमिंटसारखा गारवा येतो, लिंबाची साल किंवा कोको घातला की तो झाकला जातो. आणि रंग चढत नाही, केक फिकटच दिसतो, तांबूस व्हायची वाट बघत बसलास तर आत लाकूड होईल. गोडी कमी वाटली तर अजून एरिथ्रिटॉल ओतू नकोस, चिमूटभर स्टीविया किंवा सुक्रालोज घाल, दोन्ही मिळून चव जास्त साखरेसारखी लागते. अल्युलोज मिळालं तर ते ह्याच्यापेक्षा मऊ केक देतं आणि रंगही धरतं, उलट लवकरच धरतं, पण त्याला सगळ्या देशांत परवानगी नाहीये. झायलिटॉल गोडीला अगदी साखरेइतकं, पण घरात कुत्रा असेल तर ते घरातच आणू नकोस, कुत्र्यांना ते विष आहे.

आता तू नेटवर वाचशीलच म्हणून मीच सांगते, २०२३ साली एका संशोधनात रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्या लोकांत हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त दिसलं. एरिथ्रिटॉलमुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, आपलं शरीरही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करायला स्वीटनर वापरू नका असं सांगितलं, ती सूचना ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांच्यासाठी नव्हती आणि त्यात एरिथ्रिटॉलसारखे पदार्थ धरलेलेही नव्हते, पण फॉरवर्डमध्ये एवढं कोण वाचतं. माझं मत विचारशील तर वाढदिवसाला एक तुकडा, ठीक. रोज चहाबरोबर बिनसाखरेचा केक, नको. आईच्या हृदयाची काही ट्रीटमेंट चालू असेल तर मात्र एरिथ्रिटॉल आणण्याआधी डॉक्टरांना विचार.

पिठासाठी बदामाचं पीठ. १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स आणि त्यातलं निम्मं फायबर. पण मैद्याच्या रेसिपीत मैदा काढून बदामपीठ टाकलं असं होत नाही, त्यात ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नाही, केकला धरून ठेवणारं अंडंच. नारळाच्या पिठाच्या वाट्याला आत्ता जाऊ नकोस, ते स्पंजसारखं पाणी पितं आणि पहिल्या प्रयत्नात भुसाच होतो.

माझं प्रमाण लिहून घे. सालं काढलेल्या बदामाचं बारीक पीठ २०० ग्रॅम, एरिथ्रिटॉलची पूड १०० ग्रॅम, बटर ८० ग्रॅम वितळवून कोमट केलेलं, अंडी ४ (फ्रीजमधून तासभर आधी काढलेली), बेकिंग पावडर दीड टीस्पून, चिमूट मीठ, व्हॅनिला, एका लिंबाची किसलेली साल, फक्त पिवळी, पांढरं आलं की कडू. ओव्हन १६० डिग्री सेल्सिअसला लावून ठेव, जास्त नाही, बदाम पटकन करपतो. अंड्यातला पांढरा आणि पिवळा भाग वेगळा कर. पिवळ्यात एरिथ्रिटॉल, बटर, व्हॅनिला, साल घालून फेट, मग पीठ, मीठ, बेकिंग पावडर. हे घट्ट होईल, ओल्या वाळूसारखं, घाबरू नकोस. पांढरं वेगळ्या कोरड्या भांड्यात फेट, बीटर उचलला की टोक उभं राहून जरासं वाकलं पाहिजे, इथेच तुझी सगळी हवा आहे, साखरेचं काम आता हे करणार. त्यातला एक डाव आधी पिठात घालून बिनधास्त ढवळ म्हणजे पीठ सैल होईल, उरलेलं दोन-तीन वेळा करून हलक्या हाताने, खालून वर, खालून वर. थोडे पांढरे पट्टे दिसले तरी थांब. तळाला आणि कडेला कागद लावलेल्या आठ इंची टिनमध्ये ओत आणि ३५ ते ४० मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला वर डोकावून बघ, कडा गडद व्हायला लागल्या असतील तर वर फॉइल ठेव. सुरी घालून बघितली की एक-दोन ओलसर कण चिकटले तरी चालतील.

आणि मग सगळ्यात कठीण काम. हात लावायचा नाही. गरम असताना हा केक इतका हळवा असतो की टिन उलटा केलास तर अर्धा ताटात, अर्धा टिनमध्ये. पूर्ण गार होऊ दे, दोन तास तरी, मी तर आदल्या रात्री करते.

ह्याचे दहा तुकडे केले तर पिठाचे ४० ग्रॅम कार्ब्स दहांत वाटले गेले, तुकड्याला ४, त्यातले निम्मे फायबरचे. एरिथ्रिटॉल लेबलवर कार्ब्समध्येच धरलेलं दिसेल, तुकड्याला १० ग्रॅम, ते ह्या हिशोबात नाही धरायचं. पण कॅलरी मात्र २००च्या आसपास, बदाम आणि बटर आहे शेवटी, तेव्हा "कार्ब्स नाहीत ना" म्हणून तीन तुकडे हाणायचे नाहीत, आणि तसंही पोट गुडगुडेल. टेक्स्चर नेहमीच्या केकसारखं हवं असेल तर ५० ग्रॅम बदामपीठ कमी करून तेवढी कणीक घाल, तुकड्याला साडेसहापर्यंत जाईल, बिघडत काही नाही. अंडी चालत नसतील तर मला परत लिही, बिनअंड्याचा बदाम केक हा वेगळाच प्रकार आहे, इसबगोल आणि दही घालून जमतो पण तो फुगत नाही, त्याला वडी म्हणावं अशी त्याची चण.

वर काय? आइसिंग नको, अर्धी मेहनत तिथेच वाया जाते. बिनसाखरेचं क्रीम फेटून लाव, वर स्ट्रॉबेरी कापून, किंवा ८५ टक्केवालं डार्क चॉकलेट किसून. फेटायचं तयार क्रीम आणलंस तर ते आधीच गोड केलेलं नाही ना बघ.

आता आईकडे येते, कारण केक हा निम्माच भाग आहे. वाढदिवस असला की शुगरवाली माणसं एक हमखास चूक करतात, संध्याकाळी केक आहे म्हणून दुपारी जेवतच नाहीत. गोळी मात्र घेतात. काही गोळ्या अशा असतात की पोटात काही नसेल तर शुगर धाडकन खाली येते, तुझ्या आईची गोळी त्यातली आहे का हे डॉक्टरांना आधी विचारून ठेव. शुगर ७०च्या खाली गेली, घाम, हातपाय थरथर, चिडचिड, तर तेव्हा हा केक काहीही कामाचा नाही बरं का! तेव्हा खरी साखर किंवा ग्लुकोज, साधारण १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी परत तपासणी. केकसाठी आपल्या मनाने एक गोळी जास्त घे हा प्रकारही नाही. आणि बारा वर्षांची शुगर म्हणजे किडनीचे रिपोर्ट कसे आहेत तेही बघ, तिथे काही गडबड असेल तर बदामातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस मोजावं लागतं, आहारतज्ज्ञांना विचारूनच पुढे जा.

तीन आठवडे आहेत ना, मग एक ट्रायल केक ह्या रविवारी कर. आईचं जेवण झाल्यावर एक तुकडा दे, रिकाम्या पोटी नको. जेवायच्या आधी एकदा आणि जेवायला बसल्यापासून दोन तासांनी एकदा शुगर बघ. बटर-बदामाने पचन रेंगाळतं, त्यामुळे तीन-साडेतीन तासांनी अजून एकदा बघितलीस तर उत्तम. तेच जेवण दुसऱ्या दिवशी केकशिवाय घेऊन बघ, दोन आकड्यांतला फरक तो तुझ्या केकचा. माझ्या ४ ग्रॅमवर विश्वास ठेवण्यापेक्षा तिच्या मीटरवर ठेव. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं दोघं चालून या, तेवढ्यानेही आकडा खाली राहायला मदत होते. फक्त ज्या दिवशी तुलना करताय त्या दोन्ही दिवशी सारखंच चाला, नाहीतर चालण्याचं श्रेय केकला जाईल.

बहिणीचं म्हणणं अगदीच चूक नाही हे तिला सांग. डायबेटिसमध्ये एखादा पदार्थ कायमचा बंद असं आता फारसं कुणी सांगत नाही, साध्या केकचा छोटा तुकडा जेवणातले तेवढे कार्ब्स कमी करून बसवता येतो. पण बारा वर्षं बोटभर क्रीमवर भागवणाऱ्या बाईला आपण हिशोब करून खायचा तुकडा द्यायचा की निवांतपणे खायचा, एवढाच प्रश्न आहे, आणि मला निवांत आवडेल. बाबांना सांग की एका मध्यम सफरचंदातही २५ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतात, फळं चांगलीच आहेत, पण फुकट नाहीत.

आणि एक, आईसाठी वेगळा छोटा केक आणि बाकीच्यांसाठी मोठा मैद्याचा, असं करू नकोस. एकच केक, सगळ्यांना तोच. आमच्याकडे ह्यांची वेगळी वाटी, वेगळी मिठाई, वेगळं बिस्कीट असं दोन वर्षं चाललं होतं, एकदा नातवाने भर टेबलावर विचारलं, "आजोबांना शिक्षा झालीये का?"

उरला तर डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव, चार दिवस छान राहतो. एरिथ्रिटॉलमुळे गार झाला की जरा कडक लागतो, खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढ. फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर क्रीम लावायच्या आधी, तुकडे कापून, एकेक वेगळा गुंडाळून, म्हणजे काढायचा तेव्हा एकच निघतो.